मापाचा दगड

उठा. आदी त्या दगडावरनं उठा, मग बोला. बागेत बाकडी काय कमी हायत व्हय बसायला? शेंगा खा, टरफलं टाका, माझी ना न्हाय, झाडायचं काम माझंच हाय. पण त्या दगडावर बसून काशम्माला चोरटी म्हणायचं न्हाय. कुणी सांगितलं तुमाला? टांगेवाल्यानं? त्याच्या जिभेला काय हाड! ऐकायचंच आसंल तर हितं सावलीत या अन् नीट ऐका.

मी केराबाई. बाहत्तरच्या दुष्काळात ह्या करंजतळ्यात पाणी नव्हतं, नुसत्या भेगा हुत्या. पाय आत जाईल एवढ्या. सरकारनं तळ्याचा तळ खोल करायचं काम काढलं. खणायचं, मुरूम टोपलीत भरायचा अन् बांधावर नेऊन टाकायचा. आमची पन्नास बायांची टोळी. टोळीची पुढारीण काशम्मा. अक्कलकोटाकडची लिंगायत बाई, नवरा मागंच गेलेला, कपाळाला इभूत, गळ्यात लिंग. घरात कानडी बोलायची, आमच्याशी मराठी, अन् रागावली की दोन्ही.

कशी हुती सांगू? एकदा मी टोपली अर्धीच भरली. मान दुखत हुती, म्हणलं कोण बगतंय. तिनं सगळ्यांदेखत ती टोपली माझ्या डोक्यावरनं उतरवली, शिगोशीग भरली अन् सोता उचलून बांधावर नेली. मला एक शब्द बोलली न्हाय. मी दिवसभर मान वर केली न्हाय. अशी बाई हुती ती. तिला तुमी चोरटी म्हणताय.

आता माप समजून घ्या, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय. किती खणलं ते साहेबाला कसं कळणार? तर खड्ड्याच्या मधी एक मातीचा खांब न खणता तसाच सोडायचा. त्याच्या माथ्यावरचं वाळलं गवत बी तसंच ठेवायचं, म्हंजे माथ्याला कुणी हात लावला न्हाय हे दिसतंय. ओव्हरसियर यायचा, खांबाच्या माथ्यापासनं खड्ड्याच्या तळापर्यंत टेप सोडायचा. खांब जेवढा उंच तेवढं आमचं काम. त्यावर टोळीची रोजी. माप झालं की खांब फोडून टाकायचा, असा रिवाज.

त्या खांबापर्यंत जायला एक वाट बी सोडलेली हुती, दोन हात रुंद. काठापासनं दीडशे पावलं सरळ, मग डावीकडं वळण, मग साठ पावलं, अन् टोकाला एक ढांग टाकली की खांब. दोन्ही बाजूला खड्डा. त्या वाटेवरनं आमी चार महिने टोपल्या वाहिल्या. डोक्यावर टोपली असली की खाली बगता येत न्हाय. पायांनाच वाट पाठ झाली हुती.

शेवटच्या पंधरवड्यात खाली नुसता कडक मुरूम लागला. कुदळ मारली की परत अंगावर यायची. बाया मर मर मरायच्या, पण खोली काय वाढंना. आदल्या पंधरवड्याला बी माप कमीच भरलं हुतं. त्यात बजाबाई, पदरात सहा महिन्यांचं पोर, भरल्या टोपलीसकट खड्ड्यात पडली. पाय घसरला न्हवता तिचा. पोटात काय नव्हतं. पोर काठावर रडत हुतं अन् ही खाली डोळे उघडे ठेवून पडलेली.

दुसऱ्या दिवशी माप हुतं. दुपारी बाया सरकारनं वाटलेली सुकडी खायला चिंचेखाली गेल्या. काशम्मा गेली न्हाय. मला म्हणली, "केरा, थांब." खणताना एका जुन्या विहिरीच्या काठाचे घडीव दगड निघाले हुते, ते वाटेच्या कडंला ओढून ठेवलेले. त्यातला एक तिनं दाखवला. हातभर उंच. मला कळलंच न्हाय आधी. अन् कळलं तसं मी तिच्याकडं बगतच राहिले. काशम्मा? ही? अर्धी टोपली न चालणारी?

"बगू नको," म्हणली. "पहार आण."

पहारीनं ढकलत ढकलत आमी तो दगड वाटेवरनं टोकाला नेला. तिनं खांबाच्या माथ्यावरची गवताची ढपली भाकरी उचलावी तशी अलगद काढली. मग एका बाजूनं ती अन् एका बाजूनं मी. कंबरडं मोडायची वेळ आली, पण उचलला. खांबावर ठेवला, बाजूनं ओली माती थापली, वर गवत परत बसवलं. खांब हातभर वाढला. दोघींशिवाय कुणाला ठाव न्हाय.

सकाळी ओव्हरसियरनं टेप सोडला अन् म्हणला, "भले! कडक मुरमात बी एवढं?" बाया हसल्या. काशम्मा हसली न्हाय. पन्नास घरात त्या आठवड्याला चूल नीट पेटली. बजाबाई जगली, तिचं पोर जगलं, ते आता शाळंत जातंय. अन् काशम्मानं नऊ दिवस लिंगाची पूजा केली न्हाय. मी इचारलं तर म्हणली, "हात लावायची लाज वाटती."

खांब फोडायचा राहिला तो राहिलाच. दोन दिवसांत आभाळ फुटलं, तळं भरलं. वाट पाण्यात, खांब पाण्यात, दगड पाण्यात.

पुढं ह्या तळ्याचं पाणी शहराच्या नळाला जोडलं. तळं राखीव झालं. फाटकावर पाटी लागली: पोहू नये, कपडे धुऊ नयेत, मासे धरू नयेत. हिवाळ्यात कुठनं कुठनं पाखरं यायला लागली, तांबड्या पायांची, लांब मानेची. बांधावर ही बाग झाली अन् काशम्माला झाडलोटीचं काम लागलं. रोज सकाळी झाडून झालं की ती बांधावर उभी राहून एकाच जागी बगायची. लोकांना वाटायचं पाखरं बगती. मला ठाव हुतं काय बगती ते.

सत्त्याहत्तर साली बोटीचं निघालं. शहरात एक क्लब हुता, त्याचे म्होरके आबासाहेब. कापडाचे मोठे व्यापारी, पांढरे बूट, बोलायला गोड. त्यांनी मुंबईकडं कुटंतरी इंजिनची बोट बगितली अन् त्यांच्या डोक्यात बसलं की आपल्या तळ्यात बी अशी बोट पायजे. राखीव तळं, इंजिनला परवानगी न्हाय. मग अर्ज झाले, गावभर चर्चा झाली, हाटेलात लोक चहावर भांडायला लागले.

अन् खरं सांगते, बोट यावी असं मला बी वाटत हुतं. का? तर माझा मालक गुंडा. तेलाच्या घाण्यावर इंजिन चालवायचा, घाणा बंद पडला, सात महिने घरी बसून. आबासाहेबांनी त्याला शब्द दिला हुता, बोट आली की तू ड्रायव्हर, कायमचा. गुंडा घरात पोरासारखा नाचला हुता. खाकी कपड्याचं माप बी देऊन आला.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी काशम्मानं मला नळावर गाठलं. "केरा, पाखरांच्या बाजूला खांब तितंच हाय. उन्हाळ्याकडं पाणी उतरलं की दगड गुडघ्याएवढ्या पाण्यात असतोय. बोट आदळली तर दोन्हीकडं दीड पुरुष खड्डा. सभेत सांगून टाकू."

मी भरती घागर सोडून तिचा हात धरला. म्हणलं, "सांगू? काय सांगू? आमी सरकारचं माप चोरलं म्हणून? तुझी नोकरी जाईल, माझ्या मालकाची लागायची न्हाय. लोक तोंडात शेण घालतील. अन् बोट काय पाखरांच्या बाजूला जाणार हाय व्हय? आबासाहेब मधल्या पाण्यातच फिरवणार, तिकडं तांबडी निशाणं लावणार."

"लावणार अन् पाळणार?"

मी रडले. पाया पडले तिच्या. म्हणलं, सांगणार असशील तर मला आदी ढकल त्याच खड्ड्यात. शेवटी तिच्या गळ्यातल्या लिंगाकडं बोट दाखवून म्हणलं, आण घे. त्या दगडाच्या गोष्टीत माझं नाव कदी निघायचं न्हाय. तिनं लिंग मुठीत धरलं, आण घेतली. मग म्हणली, "सुम्नीर आता. गप रहा, रडू नको. मी दुसरं काय तरी बोलते." देवा, ते दुसरं बोलणंच नडलं.

सभा बागेतच हुती, निंबाखाली. शाळेतले धोंडप्पा मास्तर बोटीच्या विरोधात. सायकलवर येऊन वहीत पाखरं मोजणारा माणूस. त्यांनी सगळं मांडलं. इंजिनचं तेल पाण्यात सांडणार अन् तेच पाणी आपण पिणार. आवाजानं पाखरं अंडी टाकून उडणार, परत येणार न्हाय. आज एक बोट, उद्या दहा. राखीव म्हणायचं अन् पैलाच नेम आपण मोडायचा, मग पाटी कशाला?

आबासाहेब हसत हसत उठले. "मास्तर, पाखरांना उभं आभाळ हाय. सोलापूरच्या माणसाला काय हाय? वर्साकाठी गड्ड्याच्या जत्रंत एकदा पाळणा. भोंगा वाजला की गिरणीत, सुटला की घरी. त्याला एक तास पाण्यावर बसू द्या की." टाळ्या पडल्या. मी बी वाजवल्या. खोटं न्हवतं ते बी. मास्तरांचं बी खोटं न्हवतं. लोक दोन्हीकडं माना हलवत हुते, सभा काट्यावर आलती.

तेवढ्यात काशम्मा उठली. पदर खोचला अन् म्हणली, "बोट नको. तिकडच्या अंगाला पाण्यात साती आसरा हायत. त्यांच्या जागेवरनं गेला तर बुडवतील."

मग एक जण फिसकन हसला अन् सगळी सभा हसली. आबासाहेबांनी संधी साधली. "बगा! मास्तर, ही तुमच्या बाजूची माणसं. माणूस चंद्रावर जाऊन आला अन् आमी आसरांना भ्यायचं?" मास्तरांचं तोंड उतरलं. त्यांनी काशम्माकडं असं बगितलं की तिनं त्यांची सगळी वही पाण्यात टाकली. हात वर झाले, बोट मंजूर. हसणाऱ्यात गुंडा बी हुता. मी मान खाली घातली. त्या बाईनं माझ्यापायी सोताचं हसं करून घेतलं.

बोट सुरू झाली फाल्गुनात. ऊन लागायला लागलं हुतं अन् पाणी उतरलेलं. बोटीला झेंडूची तोरणं, बांधावर हजारभर माणूस, बँडबाजा. गुंडा नव्या खाकीत, माझ्याकडं बगून भुवई उडवली. बोटीत आबासाहेब, त्यांच्या मंडळी, क्लबातली माणसं अन् स्वागताचं गाणं म्हणलेल्या शाळेतल्या आठ पोरी. एकीला बी पोहता येत न्हवतं. बायकांत तर कुणालाच न्हाय.

इंजिन धडधडलं, लोक ओरडले. बोटीनं मधल्या पाण्यात दोन फेऱ्या मारल्या. आबासाहेबांनी तिथनं बांधाकडं हात हलवला. मग बोटीतनं कुणी तरी पाखरांकडं हात केला. पाखरं उडवून बगायची हौस! पैल्या दिवशी, पैल्या तासात, निशाणं गेली उडत. बोटीचं तोंड वळलं. सावकाश, पण सरळ खांबाच्या दिशेला.

ओरडावं म्हणलं तर बँडम्होरं कोण ऐकणार? मी शेजारी बगितलं, काशम्मा जाग्यावर न्हवती. झाडू पडलेला.

ती पाण्यात उतरली हुती. बांधाखालच्या त्याच जुन्या काठावरनं, लुगड्यासकट. पोटरीएवढं पाणी, मांडीएवढं, कमरेएवढं. लोक ओरडले, "अगं बुडंल ती! धरा तिला!" पण ती बुडंना. चालतच राहिली. जिथं सगळ्यांना ठाव की आत माणूस गेला तर सापडत न्हाय, तिथनं ती कमरेएवढ्या पाण्यात सरळ चालली हुती, डोक्यावर भरली टोपली असल्यासारखी मान ताठ. मग डावीकडं वळली. बँड थांबला. एक एक करून वाजवणाऱ्यांनी हात खाली घेतले. पुढं तिनं एक ढांग टाकली अन् पाण्यातनं वर आली. वर, खरंच वर! भर तळ्यात गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली अन् दोन्ही हात पसरून बोटीम्होरं आडवी झाली.

गुंडानं इंजिन बंद केलं. बोट घसरत घसरत तिच्यापासनं पाच हातावर थांबली.

अन् बांधावर हजार माणूस एकदम हात जोडून उभा. "आसरा! आसरा आली अंगात!" सभेत हसलेला तो माणूस लोटांगण घालत हुता. मला इचारा मी काय करत हुते. तो दगड ह्या हातांनी मी तितं ठेवला हुता. तिच्या पायाखाली काय हाय ते आख्ख्या जगात मला ठाव हुतं. अन् मी माझ्या हाताकडं बगितलं तर तेबी जोडलेले. कवा जोडले ठाव न्हाय.

काशम्मा गप्प राहिली असती तर आज हितं तिचं देऊळ असतं, शपथ घेऊन सांगते. बोट बी परत आली नसती. धोंडप्पा मास्तर माझ्या पलीकडंच उभे हुते, पुटपुटले, "बोलू नको बाई, आता काय बोलू नको." त्यांना अंदाज आला आसंल. पाखरं वाचत हुती, तळं वाचत हुतं.

पण बाया पाण्यात उतरायला लागल्या. नारळ घेऊन, पोरं काखंत घेऊन, देवीच्या पाया पडायला. धा-बारा जणी. वाट त्यांना काय ठाव? एक म्हातारी वाट चुकून दोन पावलं उजवीकडं गेली अन् दिसंनाशी झाली. तिचा हात तेवढा वर. काठावरनं एकानं उडी टाकून तिला केसाला धरून ओढली.

तवा काशम्मा किंचाळली. तसा आवाज मी परत कदी ऐकला न्हाय. "बॅडा! बॅडा! येऊ नका! हितं देव न्हाय! मी खोटं बोलले! माझ्या पायाखाली दगड हाय. दुष्काळात माप चोरायला ठेवलेला दगड! दोन्हीकडं खड्डा हाय, मागं सरा!"

बाया जाग्यावर थिजल्या. मग मागं सरल्या. कुणाचं काय बुडालं न्हाय त्या दिवशी. तिचंच बुडालं. ती परत काठाला आली तवा वाट सोडायला बी कुणी तयार न्हवतं. हात जोडणारी माणसं थुंकली. म्हणली, देवीचं सोंग घेतलं, सरकारला लुटलं. जीव वाचला त्याचं कुणाला काय न्हाय, हात उगाच जोडावे लागले ह्याचा राग.

आठ दिवसांनी चौकशी झाली, हितंच, ह्या निंबाखाली. एक साहेब टेबल टाकून बसला. सगळे जमले हुते, मी बी. साहेब म्हणला, "विहिरीच्या काठाचा घडीव दगड. तुझ्यासंगं कोण हुतं?"

"कोण न्हाय. मी एकटीच."

"एकटीनं उचलला?"

"भूक हुती साहेब," काशम्मा म्हणली. "उचलला."

तिनं माझ्याकडं बगितलं बी न्हाय. मुठीत लिंग धरलेलं तेवढं मला दिसलं. मी तितंच उभी, पाच हातावर. नुसतं "मी हुते" एवढं म्हणायचं हुतं. दोन शब्द. माझा मालक तिनं वाचवला, ह्याच बाईनं, अन् मी गर्दीत एक पाऊल मागं सरले.

बोटीची परवानगी रद्द झाली. काशम्माला कामावरनं काढलं. अन् तिची जागा कुणाला दिली? मला. हा झाडू तिचा हाय. गुंडाची दया येऊन साहेबानं त्याला रोपांना पाणी घालायचं काम दिलं. त्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर दगड बाहेर काढला, तवा दोरीला चौघं लागले, त्यात गुंडा एक. घरी येऊन भाकरी मोडता मोडता म्हणला, "एकटीचं काम न्हाय गं ते. दुसरी कोण आसंल?" मी त्याच्या ताटात कोरड्यास वाढलं.

काशम्मा आता बाजारात एका दुकानात शेंगाची चटणी कुटती, उभ्यानं, दिवसभर. मी वाटंत भेटले तर इचारती, "गुंडा बरा हाय?" बास. दुसरं काय न्हाय. एक शिवी तरी घालावी की तिनं!

तुमी तरणेताठे दिसताय. धरा बगू तो दगड. एकट्यानं उचला. धरा की! हलतोय का? दगड निघाल्यावर साहेबानं बी एवढंच करून बगायला पायजे हुतं, पण कुणी हात लावून बगितला न्हाय. ह्या बाजूला खाच हाय बगा, तितं तिचे हात हुते.

त्या बाजूला माझे.

तिकडं करंजाखाली पाणी घालतोय तो गुंडा. त्याला हाक मारा. हे सगळं त्याच्याम्होरं परत सांगते, अन् मग टेबलवाल्या साहेबाकडं बी जाते. मारा हाक लवकर, माझा धीर हाय तवर मारा.